भाकरी तव्यावर पडेपर्यंत

"पीठ मळताना देवाचं नाव घ्यायचं, थापताना गप ऱ्हायचं. काय बोलायचं ते भाकरी तव्यावर पडली की बोल. आन् पयली भाकरी दारच्या मानसाची. ती इकायची न्हाई, कावेरे!"

कडूबाई आत्यानं हे सांगितलं तेव्हा कावेरी जेमतेम आठ वर्षांची होती. आई नुकतीच गेली होती, आणि लहानग्या हातांखाली भाकरी कधी चौकोनी व्हायची तर कधी तिला शेपूट फुटायचं. आता कावेरी बी.ए. झाली होती, आणि तिसगावच्या स्टँडाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये आत्याबरोबर भाकरी केंद्र चालवत होती. भाकरी आता चंद्रासारखी गोल यायची. नेम मात्र तोच होता. ओठांत नाम, मग मौन, मग तवा. आणि पहिली भाकरी फडक्यात गुंडाळून बाजूला.

गंमत बघा, गावात आता घरोघरी पोळी आली होती. रेशनचा गहू स्वस्त, बाजरीच्या वावरात कापूस अन् तूर, आणि पोराटोरांना डब्यात काळी भाकरी नेली की शाळेत लाज वाटायची. अन् ज्यांनी जन्मभर पोळीच खाल्ली ते पुण्याचे लोक मढीला, मोहटादेवीला जाताना गाडी बाजूला घेऊन विचारायचे, "ताई, बाजरीचीच आहे ना? डॉक्टरांनी सांगितलंय."

"ज्याला त्याला दुसऱ्याच्या ताटातलं गोड," आत्या म्हणायची, आणि चुलीत लाकूड सारायची.

कार्तिकातली दुपार होती. गर्दी ओसरली, पीठ संपलं, आत्या भांडी विसळायला मागं गेली. कावेरी तवा उतरवणार, एवढ्यात मोटारसायकल थांबली. हेल्मेट काढून एक उंचसा मुलगा आत आला. केस विस्कटलेले, डोळे भुकेले.

"भाकरी मिळेल?"

"संपल्या."

त्याची नजर फडक्यावर गेली. "आणि ती?"

"ती विकायची नाही."

"मग कुणाची आहे?"

"दारात येईल त्याची."

तो क्षणभर थांबला. मागं वळला, चार पावलं बाहेर गेला, पत्र्याच्या उंबऱ्याशी उभा राहिला आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "आलो."

कावेरीला हसू आवरलं नाही. तोंडाला पदर… पण पदर कुठला, ओढणी लावली तिनं, आणि भाकरीवर ठेचा नि मटकीची उसळ वाढून ताट पुढं केलं. तो जेवला. शेवटचा तुकडा ताटात फिरवून फिरवून पुसून घेतला. मग खिशात हात घातला.

"त्या भाकरीचे पैसे नसतात," ती म्हणाली.

"मग काय असतं?"

"काही नसतं. भूक असते, ती भागली."

"भागली असं कोण म्हणालं…" तो हेल्मेट उचलत पुटपुटला, आणि कावेरीनं ते ऐकलंच नाही असं दाखवलं. कान मात्र तव्यासारखे तापले होते.

त्याचं नाव गोरक्षनाथ, सगळे गोरख म्हणायचे. संगमनेरकडचा. प्रवरेच्या पाण्यावरचं, उसाचं घर. गावात नवं दूध संकलन केंद्र निघालं होतं, तिथं तो सुपरवायझर म्हणून आला होता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. पण शहाण्यासारखा दुपारी नाही, सकाळी, कावेरी भाकऱ्या करत असतानाच. येऊन समोरच्या बाकड्यावर बसला.

"तुमचं नाव काय?"

थप, थप, थप… कावेरीची बोटं भाकरी फिरवत राहिली. ओठ मिटलेले.

"रागावलात का?"

थप, थप.

"मी वाईट माणूस नाही हो. दुधात पाणी घालणाऱ्यांना विचारा, ते सांगतील केवढा वाईट आहे ते, पण तसा…"

भाकरी अलगद उचलून तिनं तव्यावर सोडली, वरून पाण्याचा हात फिरवला, आणि मान वर केली. "कावेरी. रागावले नाही. आणि थापताना मी बोलत नाही."

"का?"

तोवर पुढचा गोळा काठवटीत पडला होता. उत्तर पुढच्या भाकरीला मिळालं. "नेम आहे."

त्या दिवसापासून त्यांचं बोलणं असं चालायचं. त्याचा प्रश्न, तिची भाकरी, मग तिचं उत्तर. आधी त्याला घाई व्हायची. मग हळूहळू त्यालाही ती लय लागली. तो प्रश्न टाकायचा आणि तिच्या हातांकडं बघत राहायचा… भाकरी वाढत जायची, काठ पातळ व्हायचा, बांगड्या किणकिणायच्या, आणि तिच्या गालावर उत्तर आधीच उमटलेलं असायचं.

"सायेब," आत्या एकदा चुलीमागून म्हणाली, "बोलन्यात पानी लई घालता तुमी. फॅट लागंना."

"मशीन घेऊन येतो आत्या, तुम्हीच मोजा."

"मला कशाला मोजाय लावता? जिला घ्यायचंय ती मोजंल."

मार्गशीर्षातले गुरुवार लागले. कावेरीचा उपास असायचा. पन्नास जणांना भाकरी करून घालायची आणि स्वतः घोटभर कोऱ्या चहावर राहायची. गोरखनं ते हेरलं.

"एक विचारू? बाजरी तुमच्या वावरात पिकते, ती उपासाला चालत नाही. साबुदाणा कुठून तरी ट्रकनं येतो, तो चालतो. देवाला हे ठाऊक आहे का?"

थप, थप, थप. आज भाकरीला जरा जास्तच वेळ लागला. मग तवा चरचरला.

"उपास देवाला ठाऊक असतो. साबुदाणा वाण्याला."

"बरं, मग चहा तरी दुधाचा घ्या."

"दूध कुठंय? पहाटे तुमची गाडी येते, गावातलं सगळं दूध घेऊन जाते. ज्यांच्या गोठ्यात चार गाई, त्यांची पोरं कोरा चहा पितात. तुम्हाला दिसत नाही का, सायेब?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकलच्या हँडलला एक छोटी चरवी लटकलेली होती. शेजारच्या गोठ्यातून, केंद्रावर जायच्या आधी, स्वतःसाठी घेतलेलं दूध. "सगळ्या गावाचं नाही जमलं," तो म्हणाला. "एका चुलीचं जमलं."

कावेरीनं दूध तापवलं. साय धरू दिली. त्या दिवशी आत्यालासुद्धा टोमणा सुचला नाही.

मग एका सकाळी तो आला तो बसलाच नाही. उभ्या उभ्याच, ती अगदी मधल्या भाकरीत असताना म्हणाला, "तुमच्या घरी माणसं घेऊन येऊ का?"

हात थांबले नाहीत. थांबले असते तर भाकरी चिरली असती. पण काठवटीवरची थाप अशी हलकी झाली की जणू पाखरानं पंख मिटावेत. तिनं भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. उलटली. ती फुगेपर्यंत बघत राहिली…

"अहो, फुगली की ती!" तो कळवळून म्हणाला. "आता तरी बोला!"

"बजरंगमामांना भेटा," कावेरी म्हणाली. "आमच्याकडची बोलणी तेच करतात."

आत्यानं मागच्या मागं डोळे पुसले, आणि धूर लई होतोय म्हणाली.

*

बघायला येण्याचा रविवार ठरला. नातंगोतं जुळत होतं. मुलगा माहितीतला होता. सगळं सुरळीत व्हावं अशीच चिन्हं होती. फक्त एक गोष्ट होती, आणि ती गोरखला कुणी सांगितली नव्हती.

कावेरीचे वडील बिभीषण सोळा हंगाम ऊस तोडायला प्रवरेकाठी गेले होते. दरवर्षी दसरा झाला की ट्रकवर बिऱ्हाड चढायचं. कोयते, गोधड्या, कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर पालथी घातलेली कावेरीच्या आईची काठवट. एका वर्षी मळ्याच्या मालकाकडं लग्न निघालं, तोडकऱ्यांनाही जेवायचं आवतण आलं. बिभीषण बायको-पोरीला घेऊन पंगतीत बसले. पोळ्यांची बुट्टी आली आणि वाढणाऱ्यानं ती पुढं नेली. "यांना भाकरी वाढा," तो हसून ओरडला, "यांना पोळी पचायची न्हाई!" पाच वर्षांच्या कावेरीला ते हसणं कळलं नव्हतं. बाप तिला कडेवर घेऊन उपाशी उठला, एवढंच आठवत होतं.

बायको गेल्यावर त्यांनी कोयता टाकला. काठवट भिंतीवरच्या खुंटीला टांगली, ती पुन्हा चुलीपाशी येऊ दिली नाही. रोजच्या भाकरीला आत्याची जुनी काठवट होती. आणि त्या घरात एक कायदा झाला, पाहुण्यापुढं भाकरी यायची नाही. लेकीनं गावात भाकऱ्या विकाव्यात, घरच्यांनी रोज खाव्यात, पण पाहुण्याला पोळीच.

त्या रविवारी म्हणून गव्हाच्या पोळ्या झाल्या, तूप लावून, मऊसूत. गोरखबरोबर त्याची आई गोजरबाई आली होती, आणि बजरंगमामा. गोजरबाई कमी बोलणाऱ्या. बसल्यापासून त्यांची नजर सारखी भिंतीवर जात होती. पानं वाढली गेली. गोरखनं ताटाकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा पडला.

"भाकरी नाही का केली?"

बिभीषणनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "आमच्या घरात पोळ्या व्हत्यात, पाव्हणं."

मुलाला वाटलं, आपण नीट सांगितलं नाही. तो मनापासून म्हणाला, "नाही काका, मला तुमच्याकडची भाकरीच आवडते. पोळी काय, आमच्या घरी रोजच असते."



"तुमच्या घरी रोज पोळी असती, ते ठावं हाय आमाला," बिभीषण सावकाश उठले. "सोळा वर्सं बगितलंय. बजरंग, पाव्हण्यांची गाडी वळवून घे."

गोजरबाईंनी मुलाकडं एकदा बघितलं, हात जोडले, आणि न जेवता उठल्या. तूप लावलेल्या पोळ्या तशाच गार झाल्या.

*

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा कावेरी थापत होती. तो बाकड्यावर न बसता भडाभडा बोलत सुटला. "माझं काय चुकलं ते तरी सांगा… मी रात्रभर तेच वाक्य फिरवून बघतोय… भाकरी मागणं हा काय अपमान आहे का? मी तर…"

थप, थप. भाकरी तव्यावर पडली.

"बसा," कावेरी म्हणाली, आणि तिनं त्याला ती पंगत सांगितली. एका भाकरीला थोडी, दुसऱ्या भाकरीला थोडी. चौथ्या भाकरीला गोष्ट संपली.

"म्हणजे मी भाकरी मागितली…"

"त्यांना ऐकू आलं, की तुमची लायकी भाकरीची."

"मी त्यांना जाऊन समजावतो."

"नको." तिनं तवा खाली उतरवला. आता तिला थांबून बोलायचं होतं. आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण त्यात शंकेला जागा नव्हती. "अण्णांना कुणी समजावलं की ते उठून जातात. समजवायचं नाही. त्यांच्या ताटापाशी जाऊन बसायचं, आणि मी वाढीन ते खायचं."

"आणि ते उठून गेले तर?"

"मी भाकरी वाढत असताना माझे वडील कधी उठले नाहीत."

तो उभा राहिला. हेल्मेट हातात फिरवत राहिला. "आणि तुम्ही? तुमचं काय… अजून?"

कावेरीनं तवा चुलीवर ठेवला होता, गोळा काठवटीत टाकला होता. आता उत्तर हवं तर थांबावं लागणार, हे त्याला कळलं. तो थांबला. भाकरी हाताएवढी झाली, ताटलीएवढी झाली, काठाला पोचली. तिनं ती दोन्ही तळव्यांवर घेतली, तव्यावर सोडली, ओला हात फिरवला.

"मी कशाला उगाच नाचवू तुम्हाला," ती तव्याकडं बघत म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी बाहेर जाऊन परत दारात उभे राहिलात ना… तेव्हाच मी हो म्हटलं होतं. तुम्हाला ऐकू आलं नाही, एवढंच."

हेल्मेट हातातून निसटलं, आणि घरंगळत थेट आत्याच्या भांड्यांत जाऊन पडलं.

"आरं दूधवाल्या," आत्या म्हणाली, "आता डोसकं तरी सांभाळ!" सायेब म्हणायचं ती त्या दिवसापासून विसरली.

*

संध्याकाळी दिवेलागणीला बिभीषण ओट्यावर ताट घेऊन बसले होते. गोरख आला, चपला काढल्या, आणि न विचारता त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला.

"जेवायला आलोय, काका."

बिभीषणनी वर बघितलं नाही. "आज पोळी न्हाई."

"माहीत आहे."

आत चुलीपाशी कावेरी पहिली भाकरी थापत होती. तिला सगळं दिसत होतं, आणि ओठ उघडता येत नव्हते. मनातलं नाम तेवढं चालू होतं. तीन माणसं, तिन्ही गप्प, आणि मध्ये फक्त थप, थप, थप… पहिली भाकरी दारच्या माणसाची. ती तिनं गोरखपुढं नेऊन ठेवली. दुसरी वडलांना वाढली. वर हुलग्याचं कालवण ओतलं.

गोरखनं भाकरी मोडली नाही. अंगठ्यानं दाबून, बारीक चुरून, कालवणात कुस्करली, मुरू दिली, मग चार बोटांनी घास केला.

बिभीषणचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. ते बघत राहिले.

"हे कुस्करनं उसाच्या मळ्यातलं न्हाई," ते म्हणाले. "कुनी शिकिवलं तुला?"

'तुमी'चं 'तू' झालं होतं. कावेरीनं ते टिपलं, आणि चुलीतला जाळ उगाच पुढं ओढला.

"आईनं. चोरून."

"चोरून?"

"आईचं माहेर इथलंच, करंजीजवळचं. लग्न होऊन ती आमच्याकडं आली, तोवर पाटाचं पाणी आलेलं, ऊस आलेला, ताटात गहू आलेला. आजीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, 'ती काठवट माहेरी पाठवून दे. आमच्यात भाकरी गड्यांना लागते.' आईनं पाठवून दिली. पण वडील बाहेरगावी गेले, की ती परातीत दोनच भाकऱ्या करायची. एक मला, एक तिला. दार लावून. उघड भाकरी फक्त भोगीला व्हायची. त्या दिवशी देवालाच लागते ना, मग कोण बोलणार?"

बिभीषणनी आपल्या ताटातली भाकरी कालवणात कुस्करली.

"काल तुझी आई काईच बोलली न्हाई."

"ती तुमच्या भिंतीकडं बघत होती, काका. काठवटीकडं. घरी जाताना गाडीत रडली. मला वाटलं, माझ्यामुळं."

बिभीषण जेवले. ताट स्वच्छ केलं, हात धुतला. मग ओट्याच्या खांबाला धरून उठता उठता, जणू हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "भोगीला येतो म्हनावं तुझ्या आईला. भाकरी खायला."

गोरख गेला. कावेरीला मात्र त्या शब्दावर भार टाकायचा धीर होईना. प्रवरेकाठी पुन्हा पाऊल टाकणार नाही, असं अण्णा आईच्या माघारी म्हणाले होते, आणि तेव्हापासून नगरच्या पुढं ते खरंच गेले नव्हते. पौष लागला. अण्णा शेळ्यांना पाला घालायचे, वावरात जायचे, भोगीचं नाव काढायचे नाहीत. तिनंही विचारलं नाही. रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लावायची, हात जोडायची, आणि मागणं मागायचं सोडून नुसतीच उभी राहायची. देवाला सगळं ठाऊक असतंच.

भोगीची सकाळ उजाडली, धुक्यानं भरलेली. कावेरीनं न्हाऊन देवपूजा केली. वांगी, गाजर, हरभरा, वालाच्या शेंगा घालून भाजी शिजायला ठेवली. नव्या बाजरीचं पीठ मळलं, पहिला गोळा घेतला, वर तीळ पसरले आणि थापायला लागली.

थप, थप, थप…

आतल्या खोलीतून अण्णा आले. धुतलेलं धोतर, डोक्याला ठेवणीतला फेटा. ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी खुंटीवरची काठवट उतरवली. धूळ कुठंच नव्हती. कधी तरी त्यांनी ती पुसून, तेल पाजून ठेवली होती. लाकूड असं चमकत होतं, की आईचे हात नुकतेच त्यावरून उठले असावेत. अण्णांनी पोत्यातून ओंजळी ओंजळीनं नवी बाजरी काठवटीत भरली. मग ट्रंकेतून आईचं जुनं हिरवं लुगडं काढलं, त्यात ती बांधली, आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

कावेरीचे डोळे भरून आले. विचारायचं खूप होतं. हात मात्र थांबले नाहीत, ओठ उघडले नाहीत. भाकरी तव्यावर पडली, तीळ तडतडले, ती टम्म फुगली. आता बोलायला मोकळीक होती. पण बोलायला काही उरलंच नव्हतं.

अण्णा गाठोडं खांद्याला लावून उंबऱ्यात उभे होते. दारात. तिनं पहिली भाकरी फडक्यात गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती छातीशी धरली, लेकीच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला, आणि धुक्यातून संगमनेरच्या एसटीकडं चालू लागले.